अंगावरून वारे गेले, तेव्हा किती वाजले होते?

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



नीरा आणि भीमा या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात पक्षाघात हा शब्द सहसा उच्चारला जात नाही. "अंगावरून वारे गेले" असे म्हणतात. कोणी लकवा म्हणतो, कोणी अर्धांग म्हणतो. परंतु बारामतीच्या पेठेतील दुकानदार असो वा भिगवण, निमगाव केतकी, वालचंदनगरकडील बागायतदार असो, आधी वाऱ्याचेच नाव निघते. या शब्दाला परंपरा आहे. आयुर्वेदाने या व्याधीची गणना वातविकारांत केली आणि ती कल्पना लोकभाषेत उतरली. जुन्या वैद्यांना दोष देण्याचे कारण नाही. रोग्याचे अर्धे अंग निकामी होते हे त्यांनी अचूक टिपले होते. अडचण त्या शब्दातून निघणाऱ्या पुढच्या विचाराची आहे. वारे म्हटले की ते आले तसे ओसरेल असे वाटते. मग खिडक्या लावल्या जातात, कानाला मफलर गुंडाळला जातो, कोमट तेलाने हातपाय चोळले जातात आणि घरातली मंडळी थोडा वेळ वाट पाहतात. हा थोडा वेळच पुढे आयुष्यभर पुरतो.

प्रत्यक्षात घडते ते मेंदूत. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते आणि त्या वाहिनीवर अवलंबून असलेला भाग उपाशी पडतो. किंवा वाहिनी फुटून मेंदूतच रक्तस्राव होतो. पहिला प्रकार अधिक आढळतो. शंभर रुग्णांपैकी ऐंशी ते पंच्याऐंशी रुग्ण गुठळीचे असतात, उरलेले रक्तस्रावाचे. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी. म्हणून तक्रार एका बाजूला दिसते आणि बिघाड विरुद्ध बाजूला असतो. हातापायात काहीच मोडलेले नसते. तेल कितीही मुरले तरी ते मेंदूतील गुठळीपर्यंत पोहोचत नाही. मोठी वाहिनी बंद पडलेल्या रुग्णात उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. ज्यांचे आयुष्य हिशेबात गेले त्यांना या आकड्याचा अर्थ अधिक सांगण्याची गरज नसावी.

इंदापूर तालुक्याच्या इतिहासातच या आजाराचे एक ठळक उदाहरण आहे. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरातील जैन कुटुंबात झाला. १९१९ साली सिंदिया कंपनीच्या 'लॉयल्टी' जहाजाने त्यांनी इंग्रज कंपन्यांच्या सागरी मक्तेदारीला आव्हान दिले. कळंब परिसरातील माळरानावर १९३० च्या दशकात साखर कारखाना उभा राहिला आणि वालचंदनगर वसले. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना निघाला, १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमिअर कंपनी स्थापन झाली. अशा या पुरुषाला १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. पुढच्याच वर्षी त्यांनी उद्योगातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले.

पैशाची, माणसांची, ओळखींची ददात नसलेल्या या गृहस्थांसाठी त्या वेळच्या वैद्यकाकडे शुश्रूषेपलीकडे फारसे काही नव्हते. गुठळी आहे की रक्तस्राव, हे जिवंत माणसाच्या कवटीत डोकावून पाहण्याचे सोपे साधनच १९४९ मध्ये अस्तित्वात नव्हते. सीटी स्कॅनने रुग्णाच्या मेंदूची पहिली प्रतिमा १९७१ साली घेतली गेली. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनाचा पक्षाघातातील उपयोग १९९५ च्या अमेरिकी चाचणीत सिद्ध झाला. मांडीतील अथवा मनगटातील रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढण्याची पद्धत २०१५ मध्ये एकापाठोपाठ आलेल्या चाचण्यांनंतर मान्य झाली. म्हणजे वालचंद शेठजींना जे कोणत्याही किमतीत मिळाले नसते, ते आज इंदापूरच्या एखाद्या किराणा दुकानदाराला मिळू शकते. अट एकच आहे, आणि ती पैशाची कमी व घड्याळाची अधिक आहे.

गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. नळीने गुठळी काढण्यास साधारणपणे सहा तास धरतात. निवडक रुग्णांत, विशेष तपासण्यांनी मेंदूचा काही भाग वाचण्याजोगा दिसल्यास, चोवीस तासांपर्यंत प्रयत्न करता येतो. परंतु ही मुदत म्हणजे तेवढा वेळ हातात आहे असे नव्हे. पहिल्या तासात दिलेल्या इंजेक्शनाचा जो गुण येतो, तो चौथ्या तासात येत नाही.

आता हे साडेचार तास या परिसरात कसे जातात ते पाहावे. सकाळी आठ वाजता पूजेहून परतलेल्या गृहस्थांचा उजवा हात जड पडतो, बोलणे बोबडे होते. "रात्री झोप नीट झाली नसेल" म्हणून त्यांना आडवे केले जाते. नऊ वाजता गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावणे जाते. रक्तदाब वाढलेला आढळतो, सलाईन लागते. पुण्यातल्या मुलाला फोन होतो. तो म्हणतो, "मी निघालोच, तोवर कुठे हलवू नका." तो पोहोचेपर्यंत बारा वाजतात. मग कोणत्या दवाखान्यात न्यायचे यावर नातेवाइकांत चर्चा होते, आणि जिथे नेले तिथे स्कॅनची सोय नसते. दुपारी तीनला मेंदूची पहिली प्रतिमा निघते. कोणीही निष्काळजी नव्हते. प्रत्येकाने प्रेमापोटीच केले. तरीही सात तास गेले.

इंदापूरकरांपुढे अडचण अधिक आहे. बारामती सुमारे ५० किलोमीटर, पुणे १४० च्या आसपास, सोलापूर ११० च्या आसपास, अकलूज त्याहून जवळ. चार दिशांना चार वाटा, आणि निर्णय गाडी सुरू झाल्यावर घेतला जातो. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी रुग्णालयेही आहेत. तथापि कोणत्या ठिकाणी रात्री दोन वाजता स्कॅन होते आणि कोणत्या ठिकाणी ते इंजेक्शन देणारे डॉक्टर उपलब्ध असतात, हे पाटी वाचून कळत नाही आणि वर्षागणिक बदलतेही. म्हणून ही चौकशी घरात सर्व धडधाकट असताना करावी. फोनवर तीनच प्रश्न विचारावेत: सीटी स्कॅन चोवीस तास चालू असते का, पक्षाघाताचे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन येथे देतात का, आणि रात्री ते देण्याचा निर्णय कोण घेते. उत्तरे कागदावर लिहून औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावीत. लग्नाची तिथी ठरवताना इतकी विचारपूस होते, मग या कामी संकोच कशासाठी?

लक्षणे ओळखणे अवघड नाही. हसायला सांगितले असता ओठाचा एक कोपरा खाली राहतो. दोन्ही हात समोर धरायला सांगितले तर एक हात खाली येऊ लागतो. साधे वाक्य बोलताना जीभ अडखळते, किंवा भलताच शब्द येतो, किंवा समोरचे बोलणे कळेनासे होते. काहींना एकाएकी तोल सांभाळता येत नाही, एका डोळ्याने दिसेनासे होते किंवा एका बाजूचे दिसत नाही. एकाएकी हा यातला महत्त्वाचा शब्द. यांपैकी एक जरी आढळले तरी १०८ क्रमांकाला फोन करावा आणि घड्याळाकडे पाहावे. डॉक्टर सर्वप्रथम विचारतील तो प्रश्न "काय झाले?" एवढाच नसेल, "शेवटचे अगदी ठीक कधी पाहिले होते?" हा असेल. रात्री दहाला व्यवस्थित झोपलेला माणूस सकाळी सहाला लुळा आढळला, तर वेळ रात्री दहाची सांगावी लागते. पहाटे चारला ते उठून पाणी प्यायले, बोलले, हे सूनबाईंना आठवत असेल तर तेवढ्या एका आठवणीने उपचाराचा मार्ग खुला होऊ शकतो.

एक फसवा प्रकारही असतो. हात लुळा पडतो आणि दहा-पंधरा मिनिटांत आपोआप पूर्ववत होतो. घरात आनंद होतो, देवाला नारळ ठेवला जातो आणि विषय संपतो. वस्तुतः मोठा झटका येण्याची ती पूर्वसूचना असते आणि त्यानंतरचे काही दिवस सर्वाधिक धोक्याचे असतात. बरा झालेला हात घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणे, हे आजारी हात घेऊन जाण्याइतकेच निकडीचे आहे.

काय करू नये, हेही सांगितले पाहिजे. रुग्णाच्या तोंडात पाणी, दूध वा औषध घालू नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते आणि तेच पाणी फुप्फुसात उतरते. हृदयविकारासाठी घरात ठेवलेली अॅस्पिरिनची गोळी येथे आपल्या मनाने देऊ नये. स्कॅन होईपर्यंत गुठळी आहे की रक्तस्राव हे कोणालाच ठाऊक नसते, आणि रक्तस्रावात ती गोळी घात करते. रक्तदाब झटकन उतरवण्यासाठी जिभेखाली गोळी ठेवणेही तितकेच वाईट, कारण उपाशी मेंदूला पोहोचणारे उरलेसुरले रक्त त्याने कमी होते. आणि कबुतराचे रक्त चोळण्याचा जो अघोरी प्रकार अजूनही सुचवला जातो, त्याविषयी या सभागृहात अधिक बोलण्याची आवश्यकता नाही. त्यात हिंसा आहे आणि उपचार मुळीच नाही.

यापुढचा भाग थोडा नाजूक आहे. जैन घरांत तपाची परंपरा मोठी आहे. एकाशन, आयंबिल, चौविहार, पर्युषणातील अठ्ठाई, दशलक्षणातील उपवास यांबद्दल आदर बाळगूनच हे बोलणे आहे. पक्षाघाताच्या कारणांत उच्च रक्तदाबाचा वाटा सर्वांत मोठा. त्याची गोळी नित्य घ्यावी लागते, आणि ती बंद केल्यावर दुखत-खुपत काहीच नाही, म्हणून उपवासाच्या दिवसांत ती सर्वांत आधी सुटते. रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्या दिवसातून एकदाच घ्यावयाच्या असतात आणि त्यांची वेळ सूर्योदय ते सूर्यास्त या अवधीत बसवता येते. हे डॉक्टरांना विचारले पाहिजे. परंतु डॉक्टर रागावतील म्हणून उपवास त्यांच्यापासून लपवला जातो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना पाण्याविना उपवास केल्यास शरीर कोरडे पडते. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिल्यास साखर उतरते आणि तेव्हा हुबेहूब पक्षाघातासारखी लक्षणे दिसू शकतात. घरी ग्लुकोमीटर असेल तर १०८ ची गाडी येईपर्यंत एक थेंब रक्त तपासून ठेवावे.

रक्त पातळ ठेवणाऱ्या काही जुन्या गोळ्यांबाबत तर अशी गोष्ट आहे की जी पुष्कळ डॉक्टरांच्याही ध्यानी येत नाही. या गोळ्यांचा प्रभाव पालेभाज्यांतील के जीवनसत्त्वामुळे कमी होतो. वर्षभर मेथी-पालक खाणारी व्यक्ती चातुर्मासात हिरव्या पालेभाजीचा त्याग करते, तेव्हा तीच मात्रा जास्त पडून रक्तस्राव होऊ शकतो. पुढे भाजी सुरू झाली की उलट घडते. त्याग अवश्य करावा, परंतु त्याआधी डॉक्टरांना कळवून आयएनआर नावाची तपासणी करून घ्यावी.

पच्चक्खाण देताना आगार सांगितले जातात, हे सर्वांना विदित आहे. असह्य व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषधाला मोकळीक असावी, हा त्यांतलाच एक आगार होय. शास्त्रकारांनी जी सवलत विचारपूर्वक ठेवली, ती न वापरण्यात विशेष धर्म कोणता, हे महाराजसाहेबांनाच विचारावे. उत्तर बहुधा औषधाच्याच बाजूने मिळेल.

मिठाचे मात्र कौतुक करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरता भरू नये एवढे मीठ सांगते. पापड, लोणचे, खाकरा, शेव आणि तळलेली दाळ यांनी ते प्रमाण दुपारच्या जेवणाआधीच ओलांडले जाते. रात्रीभोजन नाही, मद्य नाही, मांस नाही म्हणून रक्तदाबही नाही, असे समजणारे पुष्कळ आहेत. दुकानाच्या गादीवर दहा तास बसणाऱ्या देहाला हा नियम लागू पडत नाही.

इस्पितळातून घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू होते, आणि ती रुग्णाइतकीच घरच्यांची असते. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढे ती मंदावते, परंतु थांबत नाही. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. शेजारचे भाग त्याचे काम शिकतात, आणि शिकणे म्हटले की आवृत्ती आली. हात आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्टने हलवून देणे पुरेसे नाही. तोच पेला उचलणे, तीच कडी लावणे, तोच रुमाल घडी घालणे, दिवसातून शंभर वेळा करावे लागते. सामायिकाच्या ४८ मिनिटांची वाळूची घडी बहुतेक घरांत आहे. सकाळी एक घडी आणि सायंकाळी एक घडी, एवढा वेळ दुबळ्या हाताला दिला तर कोणत्याही महागड्या यंत्राची फारशी आठवण होणार नाही. माळेचे मणी त्याच हाताच्या बोटांनी ओढावेत. दुबळा हात धरून रुग्णाला उठवू मात्र नये. सैल पडलेला खांदा त्याने निखळतो आणि वर्षभर ठणकतो.

वाचा गेलेल्या रुग्णाविषयी फार गैरसमज होतात. पाणी मागता येत नाही, मुलाचे नाव आठवत नाही, आणि सकाळी नवकार मंत्र मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट म्हणतात! घरच्यांना वाटते, बोलता येते पण हट्ट करतात. हट्ट नसतो. बालपणापासून पाठ झालेले स्तवन, आकडे, वार यांची साठवण मेंदूत वेगळ्या रीतीने होते आणि नवे वाक्य जुळवण्याचे काम वेगळ्या ठिकाणी चालते. दुसरे हरवले तरी पहिले राहू शकते. अशा माणसाशी मोठ्याने ओरडून बोलू नये. तो बहिरा नाही. होय-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. घरात गुजराती किंवा मारवाडी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्यांची एक भाषा आधी परत येते, दुसरी मागून. जी आली तिचे स्वागत करावे.

उजव्या मेंदूच्या आघातात याहून चमत्कारिक प्रकार घडतो. ताटातील उजवीकडची भाजी संपते आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. सासूबाईंना चटणी आवडेनाशी झाली असा अर्थ काढला जातो. वास्तविक त्यांच्या मेंदूला डावी बाजू आहे हेच उमगत नाही. ताट अर्धे फिरवून द्यावे.

साधारण तीनांपैकी एका रुग्णाला नैराश्य येते. व्यायामाला नकार, जेवणावरून मन उडणे, सारखे रडू येणे हे सर्व आळसाच्या नावे खपवले जाते. त्यावर औषध आहे व ते दिल्यास व्यायामही सुधारतो. लुई पाश्चरला ऑक्टोबर १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पक्षाघात झाला आणि डावी बाजू कायमची अधू राहिली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस त्याने त्यानंतर, १८८५ मध्ये, माणसाला दिली. हात पूर्ण बरा होण्याची वाट पाहत तो बसला नव्हता, सहकाऱ्यांच्या हातांनी प्रयोग करीत राहिला. दुकानात जाता येत नसेल तर वडिलांना घरी खतावणी दाखवावी आणि खरोखरच सल्ला विचारावा. मनधरणी म्हणून विचारलेले त्यांना लगेच कळते.

शुश्रूषेचा भार बहुधा एकाच स्त्रीवर पडतो. दर दोन तासांनी कूस बदलणे, चादर कोरडी ठेवणे, भरवणे, व्यायाम करवणे, आणि भेटायला येणाऱ्यांचा चहा. वैयावृत्य हे आभ्यंतर तप आहे आणि ग्लानाची सेवा त्यात स्पष्ट सांगितली आहे. मासक्षमण करणाऱ्याची शोभायात्रा निघते. तीन वर्षे सासऱ्यांची कूस बदलणाऱ्या सुनेचे नाव कोणत्याही फलकावर येत नाही. फलक नको असेल तर निदान आठवड्यातून दोन दुपारी शेजारच्या घरातील कोणी येऊन बसावे, म्हणजे तिला झोपता येईल.

सरकारी सोयींचा उपयोग करण्यात कमीपणा मानू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राची खिडकी असते. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर असल्यास धावपळ वाचते. कायमचे अधूपण राहिले तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्र मिळते, आणि ४० टक्के वा अधिक अधूपण असल्यास अनेक सवलतींना ते लागते. "आमच्या घरात दिव्यांग कोणी नाही" असे म्हणून हा अर्ज टाळणारी घरे आहेत.

विश्वस्त मंडळापुढे एक छोटी विनंती ठेवावीशी आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात कमान आणि रोषणाई होईलच. त्याबरोबर रक्तदाब मोजण्याची दोन चांगली यंत्रे घ्यावीत, आणि दर रविवारी प्रवचनानंतर चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजून वहीत लिहावा. नाव, तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा, गोळी चालू आहे की नाही. १४०/९० च्या वर दोन रविवार आढळले तर वही लिहिणाऱ्याने तिसऱ्या रविवारची वाट न पाहता सोमवारी त्या घरी जावे.